घरची सरी

आमच्या वांग्याच्या रानात कडेची एक सरी बिनफवारणीची असायची. तिला घरची सरी म्हणायचे. तिथली वांगी किडकी, वाकडी. पण आई कालवणाला तीच तोडायची. बाकीचं रान मार्केटचं.

शेंडा नि फळ पोखरणारी अळी एकदा फळात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून आधीच मारायचं, दर आठवड्याला मारायचं. तोडा मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी. फवारल्यावर इतके दिवस तोडू नये, असं बाटलीसोबतच्या कागदावर बारीक अक्षरात असतं. पण वांगं थांबतंय व्हय? जून झालं की अडत्या हात लावत नाही, आणि चार किडकी निघाली तर अख्ख्या क्रेटचा भाव पडतो. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर २००५ पासून बंदी आहे. आम्ही ते कपाशीच्या नावानं आणायचो.

आपण कुणाला फसवतोय असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. किडकं वांगं गिऱ्हाइकालाच नको असतं, असं दादा म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. पण मग घरची सरी कशाला? ज्याला काही ठाऊकच नाही, तो वेगळी सरी धरत नाही.

आक्का पुण्याला दिलेली. दिवाळीला आली की जाताना आई तिची पिशवी घरच्या सरीतनं भरायची. एकदा आक्कानं विचारलं, "आई, एरवी मी मंडईतनं घेते ती कुणाच्या रानातली गं?"

आई देठाचे काटे काढत बसली.

पुढच्या हंगामात दादांनी कामगंध सापळे लावले. फवारण्या कमी झाल्या, बंद नाही झाल्या. घरची सरी होती तिथंच राहिली.