वरची फळी

आषाढातल्या एका संध्याकाळी मुलगी चिंब भिजून घरी आली. तिच्या हातात ओढणीचं एक टोक होतं आणि दुसऱ्या टोकाला एक कुत्रा. वय आठ-नऊ महिन्यांचं, मागचा उजवा पाय उचलून धरलेला. बसथांब्याच्या आडोशाला तीन दिवस तो तसाच बसून होता, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत. घरात कुणी हरकत घेतली नाही. जुन्या चादरीने त्याला पुसलं, दहीभात कालवून समोर ठेवला. तो इतक्या घाईने जेवला की बघणाऱ्या आमच्याच घशाशी आवंढा आला. नाव ठरवायला वेळ लागला नाही. मोती. आपल्या हातून काहीतरी चांगलं घडलं, याची ऊब त्या रात्री घरभर होती.

त्याच उबेत मी एक चूक केली. आमच्या घरी नऊ वर्षांपासून सखू आहे. करड्या पट्ट्यांची, आपल्यातच रमणारी मांजर. मोती आल्यापासून ती फ्रिजवर अंग आखडून बसली होती. मला वाटलं, एकदा जवळून ओळख करून दिली की भीती जाईल. मी तिला उचललं, छातीशी घट्ट धरलं आणि मोतीच्या तोंडासमोर नेलं. ‘बघ सखू, तुझा भाऊ आलाय,’ असं म्हणाले. मोतीने आनंदाने उडी मारली. सखूने माझा हात कोपरापासून मनगटापर्यंत ओरबाडला आणि पोटमाळ्यावरच्या अडगळीत शिरली. दुसऱ्या दिवशी ती खाली उतरली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळीही तिची वाटी भरलेलीच होती.

मोतीचा पाय दाखवायला पशुवैद्यांकडे गेले तेव्हा मी हे ओघात सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं आणि आधी सखूबद्दल विचारलं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यातही अंगाने भरलेलं असलं, तर त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं, हे मला तेव्हा कळलं. बोक्यांमध्ये ताणाने लघवी अडण्याचाही धोका असतो, आणि मग काही तासांत दवाखाना गाठावा लागतो. सगळं समजावून झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘ताई, कुत्रा आणायचं कुणी ठरवलं?’ मी म्हणाले, ‘आम्ही.’ ते म्हणाले, ‘मग कष्टही तुम्ही घ्या. आत्ता ते तुमची मांजर घेतेय, उपाशी राहून.’

गेले चार महिने हे बोलणं माझ्या मनातून जात नाही.

कुत्र्याने भाकरी पळवली आणि संत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट आपल्याकडे लहानपणीच कानावर पडते. कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली कशी उतरेल, ही त्यांची काळजी. मुलीला मी ही गोष्ट कितीदा सांगितली असेल! पण तिच्यातली एक साधी बाब माझ्या लक्षातच आली नव्हती. भाकरी नामदेवांची होती आणि तूपही नामदेवांचंच होतं. त्यांनी स्वतःच्या ताटातलं दिलं, आणि ते पोहोचवायला धावलेही स्वतःच. मी मोतीला दिलं ते काय होतं? दिवाणाखालची जागा सखूची होती. दुपारची निवांत गॅलरी सखूची होती. घरातल्या प्रत्येक कोपऱ्याचा भरवसा सखूचा होता. दुसऱ्याच्या ताटातला घास उचलून मी दानाचं समाधान घेतलं होतं.

हे फक्त प्राण्यांच्या बाबतीत घडतं असं नाही. घरात धाकटं भावंड येतं तेव्हा पाच वर्षांच्या पोरीला आपण किती सहज सांगतो, ‘तू मोठी आहेस ना, समजून घे.’ बाळ आणायचा निर्णय तिचा नसतो. तिची कुशीतली जागा जाते, तिच्या वाट्याचा वेळ जातो, आणि वर समजूतदारपणाही तिनेच दाखवायचा. गावाकडचं घर बंद करून शहरात आणलेल्या सासऱ्यांना आपण म्हणतो, ‘आता इथलं सवयीचं करून घ्या.’ निर्णय एकाचा आणि जुळवून घेणं दुसऱ्याचं, असं जिथे जिथे होतं, तिथे चांगुलपणाचंही ओझं होतं. ज्याने ठरवलं, त्याने आधी झिजलं पाहिजे.

झिजायचं तर समोरच्याचं जग समजून घ्यावं लागतं. कुत्र्याचे पूर्वज लांडगे, कळपाने राहणारे. कुत्रा माणसाशी जोडला गेला तो सोबतीने, म्हणून घर बदललं तरी माणसं बरोबर असली की त्याला पुरतं. मांजराचा पूर्वज आफ्रिकी रानमांजर, एकट्याने शिकार करणारा. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, कोठारांत उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. त्याचा करार मुख्यतः जागेशी झाला. सखू दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला, माझ्या पोटरीला गाल घासते, त्याला आम्ही लाड समजत होतो. गालांतल्या ग्रंथींचा वास ती तिथे ठेवत असते. ही जागा माझ्या ओळखीची, असं लिहून ठेवल्यासारखं. एका रात्रीत तिच्या सगळ्या अक्षरांवर कुणीतरी ओला, अनोळखी वास फासला होता.

म्हणून पशुवैद्यांनी सांगितलेली पहिली पायरी होती ताटातूट. मोती बाहेरच्या खोलीत, सखू आतल्या. मधलं दार बंद. सखूच्या खोलीत तिची वाटी, पाणी, लिटर ट्रे आणि अंथरूण. त्या संध्याकाळी पोटमाळ्याखाली स्टुलावर कोमट मासळीचं पाणी ठेवून मी दिवा मालवला आणि बाहेर थांबले. मध्यरात्री चाटण्याचा आवाज आला. तिथून आमचं काम सुरू झालं.

पहिला आठवडा दोघांनी एकमेकांना पाहिलंच नाही. मोतीच्या अंगाखालचं फडकं सखूच्या खोलीत आणि सखूचं मोतीच्या खोलीत, एवढीच देवाणघेवाण. सखू पहिल्यांदा त्या फडक्यावर फिसकारली. चौथ्या दिवशी हुंगून पुढे गेली. मग दोघांची जेवणं बंद दाराच्या अल्याड-पल्याड सुरू केली. आधी वाट्या दारापासून लांब ठेवायच्या आणि दोघंही निवांत जेवू लागली की रोज थोड्या जवळ सरकवायच्या. दुसऱ्याचा वास आला की आपल्याला जेवण मिळतं, ही जोडणी मनात व्हावी, एवढाच हेतू. एक दिवस मी घाई करून वाटी थेट दाराला टेकवली. सखू न जेवता मागे गेली. मग आम्हीही वाट्या चार दिवस मागे नेल्या. मागे जाण्यात कमीपणा नसतो, हे त्या वाटीने मला शिकवलं.

तिसऱ्या आठवड्यात दाराच्या जागी जाळी लावली. मोतीच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्याची दोरी मुलीच्या हातात. तो सखूकडे टक लावून, अंग ताठ करून बघू लागला की हाक मारायची. नजर काढून मुलीकडे वळला की लगेच खाऊ. ओरडायचं नाही, हिसडा द्यायचा नाही. मांजर दिसलं की आपल्याला बोलणी बसतात हे एकदा कुत्र्याच्या मनात बसलं, तर राग मांजरावरच निघतो. पाच-दहा मिनिटं झाली की संपवायचं, तेही सगळं शांत असताना. सखूला उचलून आणणं कायमचं बंद. यायचं तर ती येईल, आणि नाही आली तर तो दिवस तिचा.

लहानसहान गोष्टींनाही महत्त्व होतं. दोघांना रेबीजची लस, गोचीड-पिसवांचं औषध. सखूचं खाणं ओट्यावर, मोतीचं तोंड पोहोचणार नाही असं. तिचा लिटर ट्रे अशा जागी, की तिथे असताना मागून कुणी येऊ नये. तिने एकदा सतरंजीवर लघवी केली तेव्हा घरात कुणीतरी म्हणालं, ‘मुद्दाम करते.’ मुद्दाम करत नव्हती. ट्रेपर्यंतची वाट मोतीच्या अंथरुणावरून जात होती, आणि ते अंथरूण आम्हीच तिथे टाकलं होतं.

दोघांची भाषाही वेगळी. मोतीची शेपटी हलते ती बहुधा खुशीने. सखूची शेपटी सपासप आपटू लागली की ती वैतागलेली असते. मोती पुढचे पाय पसरून, मागचा भाग उंच करून खेळायला बोलावतो, आणि सखूला त्यात झडपेचा पवित्रा दिसू शकतो. तरीही ही भाषा शिकता येते. तेल अवीव विद्यापीठातल्या फॉयरस्टाइन आणि टेर्केल या संशोधकांनी कुत्रा आणि मांजर एकत्र असलेल्या घरांचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध केला. पुष्कळ जोड्या एकमेकांच्या खुणा नीट ओळखायला शिकल्या होत्या. कुत्री मांजरांच्या रीतीने नाकाला नाक लावून भेटत होती. मांजर आधी घरात आलेलं असणं, मांजराचं वय सहा महिन्यांच्या आणि कुत्र्याचं एक वर्षाच्या आत असणं, या गोष्टींनी मैत्री सोपी होत होती. आमची सखू नऊ वर्षांची. तिला अधिक वेळ लागणं हा तिचा हट्ट नव्हता, वयाचा हक्क होता.

या काळात मला महाभारताच्या शांतिपर्वातली एक कथा वारंवार आठवत होती. लोमश नावाचं मांजर पारध्याच्या जाळ्यात सापडतं. पलित नावाचा उंदीर बघतो, तर जमिनीवर मुंगूस टपलेलं आणि फांदीवर घुबड. तो जाळ्यातल्या मांजराशी करार करतो. तू मला आसरा दे, मी तुझं जाळं कुरतडतो. मांजराच्या कुशीत तो शिरतो, मुंगूस आणि घुबड निघून जातात. पण शेवटचा पाश तो पारधी दिसेपर्यंत तोडत नाही. मांजर झाडावर पळतं, उंदीर बिळात. संकट टळल्यावर मांजर त्याला प्रेमाने बोलावतं, आणि उंदीर बिळातूनच नम्रपणे नकार देतो.

पूर्वी मला ही राजनीतीची कथा वाटे, धूर्तपणाचे धडे देणारी. आता तिच्यात न्याय दिसतो. कथा सांगणारे भीष्म त्या उंदराला भित्रा म्हणत नाहीत, कृतघ्न म्हणत नाहीत. बळाने मोठा असलेल्याला मैत्रीचा हात पुढे करणं सोपं असतं, कारण चूक झाली तर त्याचं काही जात नाही. दुबळ्याचा जीव जातो. म्हणून किती जवळ यायचं हे दुबळ्याने ठरवायचं आणि त्याचं बीळ कुणी बुजवायचं नाही. घरात सखू मानाने मोठी, पण वजन चार किलो. मोती तिच्या तिपटीहून जड. त्याच्या मनात काडीचं वैर नव्हतं, तरी त्याच्या एका उडीत तिची बरगडी मोडू शकली असती.

त्या विचारातून आमच्या घरात फळ्या लागल्या. सुताराकडून हॉलच्या भिंतीवर तीन ठोकून घेतल्या. एक कपाटाच्या उंचीची, एक त्याहून वर, एक थेट छताजवळ. आतल्या खोलीपासून गॅलरीपर्यंत जमिनीला पाय न लावता जाता येईल, अशी सखूची वाट तयार झाली. बघायला येणारे म्हणाले, ‘अशाने ती खाली कधी येणार?’

काही घरांत मांजर खाली येतही नाही. काही कुत्र्यांमध्ये पाठलागाची ऊर्मी इतकी तीव्र असते की कितीही शिकवलं तरी धोका राहतो. अशा वेळी जन्मभर वेगळ्या खोल्या, किंवा त्या कुत्र्यासाठी मांजर नसलेलं चांगलं घर शोधणं, हीसुद्धा मायाच आहे. एकत्र राहण्याचा आपला हट्ट त्यांच्या जिवापेक्षा मोठा नाही. शिवाय मैत्री हे ध्येय ठेवलं की आपण पुन्हा ढकलायला लागतो. न घाबरता जेवता यावं, झोपता यावं, खोलीतून खोलीत जाता यावं, एवढं झालं तरी घर घरासारखं होतं.

मागच्या आठवड्यात कार्तिकातलं कोवळं ऊन गॅलरीत आलं होतं. मोती उंबऱ्याशी पाय पसरून पडला होता. पट्ट्याची दोरी मुलीच्या हातात सैल. सखू वरच्या फळीवरून मधल्या फळीवर आली, मग खालच्या. तिथे बराच वेळ बसली. मग जमिनीवर उतरली, उन्हाच्या तुकड्यापर्यंत चालत गेली आणि मोतीकडे पाठ करून आडवी झाली. मोतीने मान उचलली, तिच्याकडे पाहिलं आणि मान परत खाली ठेवली. दोघांत दोन हातांचं अंतर होतं. चार महिन्यांत पहिल्यांदा तिने त्याच्याकडे पाठ केली होती.

सुतार परवा दुसऱ्या कामासाठी आला होता. खाली झोपलेली सखू बघून त्याने विचारलं, ‘आता या फळ्या काढायच्या का?’ मी नको म्हणाले. वर जाता येतं, म्हणून तर ती खाली येते.