परक्या रणातला वाटेकरी

दोघे लढताहेत आणि तिसरा दुरून शस्त्र पुरवतो. त्या लढाईच्या पापपुण्यात तिसऱ्याचा वाटा किती?

पुराणातला दृष्टांत मागाहून. आधी आपल्याच काळातला घेऊ. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चाल केली. गेलेली भूमी सोडवण्यासाठी जून २०२३ मध्ये युक्रेनने दक्षिणेत झापोरिझ्झियाच्या बाजूने चढाई मांडली. जर्मनीचे लेपर्ड रणगाडे आले, अमेरिकेची ब्रॅडली वाहने आली, परदेशात शिकून आलेल्या पलटणी उभ्या राहिल्या. अझोव्ह समुद्र गाठून शत्रूचे सैन्य दुभंगावे हा हेतू. पण पुढे शेताशेतांत सुरुंग पेरलेले, त्यामागे खंदक, आणि वरून ड्रोनची नजर. ऑगस्टअखेर रोबोटिने नावाचे एक खेडे हाती आले. टोकमाक शहर आले नाही, समुद्र तर दूरच. नोव्हेंबरात खुद्द त्यांचे सेनापती झालुझ्नी यांनी लिहिले, की पहिल्या महायुद्धासारखी कोंडी झाली आहे.

आता पूर्वपक्ष ऐका. कोणी म्हणेल, शस्त्र देणाऱ्यांनीच युद्ध लांबवले. दिले नसते तर केव्हाच मिटले असते. मिटले असते, पण कसे? दरोडा पडला असता शेजाऱ्याने काठी दिली नाही, तर मारामारी लवकर संपते आणि घर दरोडेखोराचे होते. त्याला का शांती म्हणायचे? शिवाय रशियालाही इराणचे ड्रोन मिळाले, उत्तर कोरियाचे तोफगोळे मिळाले, २०२४ साली तिथले शिपाईसुद्धा मिळाले. तेव्हा गांजलेल्याला काठी देणे हा अधर्म नव्हे.

पण तेवढ्याने देणारा सुटत नाही. अमेरिकेच्या अध्यक्षांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मागितलेले साहाय्य, सुमारे ६,१०० कोटी डॉलर, तिथल्या संसदेने मंजूर केले एप्रिल २०२४ मध्ये. वाद चालला सभागृहात, तोफगोळे खुंटले खंदकात. फेब्रुवारीत अवदीवका शहर पडले. विलंब एकाचा, मरण दुसऱ्याचे!

म्हणून सिद्धान्त असा. द्यायचे तर वेळेवर द्यावे. देता येत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे, आशेला लावून ठेवू नये. लढावे की थांबावे, हे ज्याची लेकरे रणात आहेत त्याने ठरवावे. ‘आणखी लढा’ म्हणणाऱ्याने, तसेच ‘आता सोडून द्या’ म्हणणाऱ्यानेही, आपल्या घरचे काय पणाला लागले आहे ते आधी पाहावे. श्रीकृष्णांनी पांडवांना साहाय्य केले ते द्वारकेत बसून नव्हे. आधी शिष्टाई केली; ती फसल्यावर घोड्यांचे लगाम हाती घेतले आणि भीष्मांचे बाण अंगावर झेलले.

आपणही ओसरीवर बसून बातमी वाचतो आणि एका बाजूचा जय चिंतितो. तो जय कोणाच्या लेकराच्या जिवावर, एवढे ज्याच्या मनात आले, त्याची जीभ आपोआप जपून चालते.