कलम १२८

मोठमोठे तात्त्विक प्रश्न हिमालयात, नदीकाठी किंवा निदान आरामखुर्चीत बसून सुटतात, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. त्यातला एक प्रश्न तरी असा आहे, की तो मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसल्याशिवाय नीट पडतच नाही. सुटण्याची गोष्ट तर लांबच राहिली. प्रश्न असा : आपला जीव आपला, तो आपण कसाही उधळू; पण जो माणूस विश्वासाने आपल्या मागे येऊन बसला, त्याच्या जिवाचे आपण किती टक्के मालक?

बी.कॉम. झालेल्या बँकेतल्या कारकुनाने तत्त्वज्ञानात नाक खुपसू नये, हे मला मान्य आहे. पण टक्केवारीचा विषय निघाला की आमचाही थोडा हक्क पोचतो.

शिवाय हा प्रश्न पडायला आमच्या गावासारखी दुसरी जागा नाही. छत्रपती संभाजीनगर हे चाकांचे गाव आहे. एका टोकाला वाळूज; तिथे १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि गावातल्या निम्म्या संसारांना दोन चाके लागली. दुसऱ्या टोकाला जालना रस्त्यावर शेंद्रा. तिथे स्कोडाच्या मोटारी तयार होतात. ऑक्टोबर २०१० मध्ये तर इथल्या मंडळींनी एकत्र येऊन, घासाघीस करून, एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या. शहागंजात मेथीच्या दोन जुड्यांवर कोथिंबीर मागणाऱ्या गावाला ते शोभण्यासारखेच होते. शेंद्रा म्हटले की पूर्वी चैत्रातली मांगीरबाबाची यात्रा आठवायची. आता कारखान्याची पाळी सुटली की रस्त्यावर रोजच यात्रा भरते, आणि तिच्यातले बहुतेक भाविक दुचाकीवर असतात.

मर्सिडीजमध्ये मात्र माझा प्रश्न पडत नाही. मोटारीत शेजारी बसणाऱ्याला पट्टा असतो, हवेची पिशवी असते, समोरचा रस्ता दिसतो आणि तो ओरडला तर चालवणाऱ्याला ऐकू जाते. शिवाय त्याच्या पायाखाली एक अदृश्य ब्रेक असतो. आमची ही तो ब्रेक इतक्या निष्ठेने दाबते, की तिच्या बाजूची रबरी चटई माझ्या बाजूच्या आधी झिजली. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्याकडे यातले काही नसते. त्याच्यासमोर असते ती फक्त एक पाठ. देवाच्या खालोखाल माणसाने जर कशावर आंधळा विश्वास टाकला असेल, तर तो या पाठीवर.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. माझा भाचा शेंद्र्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याने मागच्या वर्षी एक मोटारसायकल घेतली. ती 'स्पोर्ट्स-टूरिंग' जातीची आहे, असे त्याने मला सांगितले आणि मग मला काही कळले नाही हे ओळखून समजावूनही सांगितले. शर्यतीची गाडी असते तिच्यावर माणूस टाकीवर पालथा पडून बसतो. ती लांब चालवली की मनगटे आणि कंबर दोन्ही कामातून जातात. प्रवासाची गाडी असते तिच्यावर ताठ बसता येते, पण तिला वेग कमी. या दोघींचा संकर म्हणजे ही गाडी. हँडल जरा वर, पुढे वारा अडवायला काच, टाकी मोठी, अंगात शर्यतीच्या घोड्याची रग आणि पाठीवर वरातीच्या घोडीची ऐसपैस जागा. "मामा, दिवसभरात पाचशे किलोमीटर मारा, काही वाटणार नाही," भाचा म्हणाला.

"कुणाला?" मी विचारले.

हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नव्हता. या गाड्यांचा सगळा विचार पुढच्या माणसाभोवती केलेला असतो. मागची सीट म्हणजे पुढच्या सीटपेक्षा वीतभर उंच एक मचाण. शेतातला राखणदार जसा मचाणावरून चारी दिशा पाहतो, तसा मागे बसलेला माणूस चालवणाऱ्याच्या डोक्यावरून सगळे पाहतो. येणारा ट्रक, आडवी जाणारी म्हैस, दुभाजकाच्या फटीतून अचानक निघालेला सायकलवाला, सगळे त्याला आधी दिसते. फक्त करता काही येत नाही. सर्वज्ञ पण निष्क्रिय, अशी जी ब्रह्माची अवस्था वर्णन करतात, ती साधायला तप लागत नाही. मागच्या सीटवर बसावे.

तर या मचाणावर पहिला मान अर्थातच त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या ताईचा. घृष्णेश्वराला पाया पडून यायचे ठरले. ताई साठीच्या पुढची, नऊवारी सोडून सहावारीवर आलेली, पण तेवढीच प्रगती केलेली. हेल्मेट दोघांनाही सक्तीचे, त्यामुळे तिचा अंबाडा सोडून वेणी घालण्यात आली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आले, की मागच्या चाकाच्या बाजूला जी जाळी असते, जिला आपण साडीगार्ड म्हणतो, ती या गाडीला नाही.

"काढली," भाचा म्हणाला. "लूक जातो."

मोटार वाहन नियम फार रुक्ष असतात असा आपला समज आहे. पण १९८९ च्या केंद्रीय नियमांतला १२३ वा नियम वाचावा. मागे बसणाऱ्याला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि त्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण हवे, असे त्यात सांगितले आहे. मला या नियमाचे फार कौतुक वाटते. जगातला वेग साहेबांनी शोधला असेल, पण त्या वेगात एक पदर फडफडतो आहे, हे दिल्लीतल्या कुणा सरकारी माणसाच्या लक्षात आले. लूक मालकाचा असतो, पदर आईचा असतो; आणि चाकाला या दोघांतला फरक कळत नाही. जाळी पुन्हा बसवून घेतल्याशिवाय निघायचे नाही, असे मी मामाच्या अधिकारात सांगितले. हा अधिकार मला आणखी एका कारणाने होता, ते पुढे येईल.

यात्रा झाली. संध्याकाळी भाच्याने मला उत्साहाने हकीकत सांगितली. "मामा, आईनं काय एन्जॉय केलं म्हणून सांगू! दौलताबादच्या घाटात तर मी असा झोकात वळवला गाडीला! आई एक शब्द बोलली नाही."

मग मी ताईकडे गेलो. ती उजव्या हाताच्या बोटांना तेल चोळत होती. वेरूळला उतरल्यावर तिची मूठ उघडेना. नारळ दुसऱ्याकडून फोडून घ्यावा लागला. "मग बोलली का नाहीस त्याला, हळू चालव म्हणून?" मी विचारले.

ताई म्हणाली, "अरे, बोलले असते तर त्यानं मागं वळून पाह्यलं असतं."

या एका वाक्यात माझा सगळा प्रश्न उत्तरासह आहे, असे मला वाटते. पुढे बसलेल्याने त्या मौनाचा अर्थ आनंद असा लावला. कायद्याच्या भाषेत त्याला मूक संमती म्हणतील. प्रत्यक्षात ती भीती होती, आणि त्या भीतीतही त्याचे लक्ष विचलित होऊ नये एवढी काळजी होती. जो घाबरला होता तोच दुसऱ्याला सांभाळत होता. असे मौन आपल्या मागे किती जण किती वर्षे पाळत असतील, याचा हिशेब कुठल्याच मीटरमध्ये दिसत नाही. मीटरमध्ये फक्त वेग दिसतो.

भाच्याशी मी या विषयावर वाद घातला. त्याचेही म्हणणे अगदीच सोडून देण्यासारखे नाही. तो म्हणाला, "मामा, मागच्यानं विश्वास ठेवला नाही तर उलट धोका वाढतो." हे खरे आहे. वळणावर गाडी कलते तेव्हा मागच्याने तिच्याबरोबर कलायचे असते. भ्यालेला माणूस ताठ बसतो किंवा उलट्या बाजूला झुकतो, आणि मग चालवणाऱ्याला गाडी आणखी कलवावी लागते. अर्धा विश्वास हा अविश्वासापेक्षा वाईट. अविश्वास ठेवणारा निदान बसने जातो. "म्हणून मी आईला सांगतो, बिनधास्त विश्वास ठेव," भाचा म्हणाला.

इथे माझ्यातला वाणिज्य पदवीधर जागा झाला. विश्वास मागून मिळत नाही, हा मुद्दा मी बाजूला ठेवतो. पण मिळालेला विश्वास खात्यात कुठल्या बाजूला लिहायचा? लोक बँकेत ठेवी ठेवतात. बाहेरच्या माणसाला वाटते, बँकेकडे एवढे पैसे आले, म्हणजे ती बँकेची मालमत्ता. ताळेबंद उघडून पाहा : ठेवी देण्यांच्या बाजूला असतात. जितक्या ठेवी जास्त, तितके बँकेचे देणे जास्त. मागच्या सीटवरचा विश्वासही असाच आहे. 'आई माझ्यामागे बिनधास्त बसते' हे वाक्य भाचा मालमत्तेत लिहीत होता. ते देणे आहे, आणि मागणी होताच परत करायचे देणे आहे.

आता तो माझा दुसरा अधिकार. भाच्याने गाडीसाठी एका पतसंस्थेचे कर्ज काढले आणि त्याला जामीन मी राहिलो. जामीनदार म्हणजे तरी काय? तो कर्जाच्या मागच्या सीटवर बसलेला असतो. हँडल त्याच्या हातात नाही, ब्रेक त्याच्या पायाखाली नाही, पण गाडी आपटली की दोघे बरोबर आपटतात. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचे १२८ वे कलम सांगते, की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. आणि मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचेही १२८ वे कलम काढून पाहा. दुचाकीवर मागे एकच माणूस बसवावा, त्याला नीट पक्की बसवलेली सीट द्यावी, असे ते सांगते. दोन कायद्यांत एकशे सोळा वर्षांचे अंतर, पण दोघांचेही १२८ वे कलम मागे बसणाऱ्याविषयीच! हा योगायोग आहे हे मला कळते. पण शेंद्र्यात ताई एका कलमाखाली आणि मी दुसऱ्या कलमाखाली एकाच गाडीवर बसलो आहोत, हे पाहिल्यावर झोप लागायला जरा वेळ लागतो.

विमा असतो की, असे कुणी म्हणेल. विम्याचा कायदा तिसऱ्या माणसाची, म्हणजे रस्त्यावरच्या परक्याची काळजी घ्यायला लावतो. मागे फुकट बसलेला माणूस, निव्वळ कायद्यापुरता उतरवलेल्या विम्यात, त्या तिसऱ्या माणसात मोडत नाही, असे २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. त्याच्यासाठी जास्तीचा विमा घ्यावा लागतो. म्हणजे आपल्याला धडकणारा अनोळखी इसम आपोआप सुरक्षित, आणि आपल्या खांद्यावर हात ठेवून बसलेली आई ऐच्छिक! खांद्यावरचा हात हा करार आहे, हे अजून कुठल्या फॉर्मात छापलेले नाही.

जुन्या लोकांनी मात्र याचा विचार करून ठेवला आहे. कठोपनिषदात शरीराला रथ म्हटले आहे, बुद्धीला सारथी, आणि आत्मा मागे बसलेला, खरा मालक तो. आपल्याकडे हँडल धरणारा स्वतःला मालक समजतो, तिथेच उपनिषद आणि आर.टी.ओ. यांची फारकत होते. महाभारतात तर युद्ध संपल्यावर कृष्ण अर्जुनाला सांगतो, आधी तू उतर. अर्जुन उतरतो, मग कृष्ण उतरतो आणि तत्क्षणी रथ पेट घेतो. इतके दिवस अस्त्रांचा दाह सारथ्याने थोपवून धरला होता. मोटारसायकलवरही मागचा आधी उतरतो. आपण ती सोय समजतो, तो नियम आहे : आग शेवटपर्यंत हँडल धरणाऱ्याकडे.

तेव्हा माझे उत्तर, टक्केवारीसह, असे : मागे कुणी बसले की गाडी आपली, कर्ज आपले, आणि वेग मात्र शंभर टक्के मागच्याचा. ज्या वेगात त्याची मूठ सैल राहते, तो आपला कायदेशीर आणि नैतिक वेग.

भाच्याला हे उपनिषदाने पटले नाही, गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेने पटले. मागच्या टायरात हवा किती, या तक्त्यात दोन रकाने होते : एकटा असाल तर २८, मागे कुणी असेल तर ३२. मागची स्प्रिंगही जरा कडक करायची, नाहीतर गाडी मागे दबते आणि दिवा समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. भाचा तो तक्ता बराच वेळ पाहत होता. त्याने तो आधी वाचलाच नव्हता. एकट्याचा आकडा त्याला तोंडपाठ होता.

परवा जालना रस्त्यावरच्या पंपावर तो हवा भरताना दिसला. ताई हेल्मेट हातात घेऊन बाजूला उभी होती. "मागं बत्तीस टाका," तो पोराला म्हणाला, "आई आहे." त्या दिवशी वेरूळला ताईने नारळ स्वतःच्या हाताने फोडला. पतसंस्थेचे हप्ते अजून एकवीस बाकी आहेत. पण निदान एका कलमाखालची काळजी मिटली.