मौनाचा सौदा

खोटे बोलून माल विकणे हे पाप आहे, याविषयी दुमत होणार नाही. परंतु विक्रेत्याने खोटे काहीच न सांगता केवळ मौन पाळले, तर तो निर्दोष ठरतो काय? या जुन्या प्रश्नाला आज एका नव्या बाजारात धार आली आहे.

नाणे टाकून खेळावयाच्या व्हिडिओ गेम्सची कपाटाएवढी यंत्रे अमेरिकेत एके काळी ठिकठिकाणी उभी असत. १९७२चे 'पाँग' व १९८०चे 'पॅक-मॅन' ही त्यांतील गाजलेली नावे. आता हौशी संग्राहक ही यंत्रे इंटरनेटवरील लिलावांतून विकत घेतात. यंत्र अवजड, विक्रेता दूरच्या गावी. ग्राहकाच्या हाती चार छायाचित्रे आणि एक वाक्य : 'तपासलेले नाही, आहे त्या स्थितीत.' वर्षानुवर्षे एकच चित्र झळकल्याने पॅक-मॅनचा चक्रव्यूह काचेवर कायमचा उमटलेला असतो. खेळ चालू असताना काढलेल्या छायाचित्रात तो डाग लपून जातो. कॅपकॉम कंपनीच्या १९९३ पासूनच्या काही यंत्रांत तर खेळाचा प्राण एका लहानशा बॅटरीत आहे. ती संपली की खेळ बंद पडतो. आज उजळलेला पडदा उद्याची हमी देत नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिओलॉजिए'मध्ये याच प्रश्नाचा ऊहापोह केला आहे. घोडा एकाक्ष असल्याचे उघड दिसत असेल आणि किंमतही त्या मानाने उतरवली असेल, तर विक्रेत्याने ते बोलून दाखविण्याची गरज नाही. दोष लपलेला असेल व त्यामुळे ग्राहकाचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका पोचणार असेल, तर मात्र तो सांगणे बंधनकारक आहे. या कसोटीवर 'तपासलेले नाही' हे शब्द खऱ्या अज्ञानातून आलेले असतील आणि किंमतही तसेच सांगत असेल, तर सौदा न्याय्य आहे. पण दोष ठाऊक असूनही ते लिहिले, तर विक्रेता अज्ञानाच्या वेष्टनात ज्ञान लपवून विकत असतो.

मात्र ग्राहकालाही यातून सुटका नाही. विकणारा सोने तांबे समजून देत असेल आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असेल, तर ती खरेदी अन्याय्य असून भरपाई करणे त्याचे कर्तव्य ठरते, असे थॉमस सांगतात. पतीच्या निधनानंतर गॅरेजमधील 'अडगळ' लिलावात काढणाऱ्या विधवेला त्या यंत्राचे मोल ठाऊक नसते. जाणत्या संग्राहकाला ते असते. स्वस्तात मिळाले म्हणून तो मित्रांपुढे मिरवतो, तेव्हा नेमके काय मिरवीत असतो?

ईबे या लिलावगृहाची कहाणी असे सांगते, की १९९५ साली तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर. तो १४.८३ डॉलरला गेला. तो मोडका असल्याची ग्राहकाला कल्पना आहे ना, याची विक्रेत्याने खातरजमा केली होती, आणि तरीही सौदा झाला.

आपण जुनी मोटारसायकल विकतो, घर भाड्याने देतो, तेव्हाही हीच कसोटी लागू पडते. समोरच्याला जे दिसत नाही आणि आपल्याला दिसते, ते आपल्यापाशी असलेले त्याचे धन आहे. ते त्याला देऊनच व्यवहार करावा, असे आम्हाला वाटते.