मातीच्या पाटीवरचे ऋण

संस्कृतीचा उदय म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मंदिरे, तटबंदी आणि राजमुद्रा उभ्या राहतात. लेखनकलेचा जन्म तर एखाद्या स्तोत्रातून झाला असावा, असे आपण सहज धरून चालतो. वस्तुस्थिती काहीशी अडचणीची आहे. आजच्या दक्षिण इराकमधील उरुक या नगरात, इ. स. पूर्व ३३०० च्या सुमारास, ओल्या मातीच्या पाट्यांवर जी चिन्हे उमटली, त्यांतील बहुतांश हिशेबाची आहेत. जवाची मापे, मद्याचे रांजण, मेंढ्या, मजुरांचा शिधा. 'दासी' या अर्थाचे चिन्ह स्त्री आणि डोंगर ही दोन चिन्हे जोडून केलेले आहे. डोंगराळ मुलुखातून धरून आणलेली बाई, असा त्याचा उलगडा अभ्यासक करतात. मनुष्याने पहिल्याप्रथम लिहिले ते असे.

हिशेबावाचून नगर उभे राहू शकत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण हिशेबाबरोबर एक नवी गोष्ट जन्माला आली. शेजाऱ्याने दिलेले पायलीभर धान्य शेजाऱ्याच्या स्मरणात असते, आणि मनुष्याचे स्मरण दयाळू असते. ते पुसट होते. मातीची पाटी काहीच विसरत नाही. हम्मुराबीच्या काळी, म्हणजे इ. स. पूर्व अठराव्या शतकात, जवाच्या कर्जावर एक-तृतीयांश आणि चांदीवर एक-पंचमांश व्याज होते. एक हंगाम बुडाला की कुळाची बायको, मुलगा वा मुलगी सावकाराच्या घरी राबावयास जाई.

येथेच नीतीचा प्रश्न उभा राहतो. घेतलेले परत करावे, हा सज्जनाचा धर्म आहे. तो मोडला तर उद्या कोणी कोणास काही देणार नाही. परंतु तो पाळण्याची किंमत पोटचे लेकरू असेल तर?

या प्रश्नाला त्या प्राचीन राजांनी दिलेले उत्तर आपल्याला चकित करते. इ. स. पूर्व २४०० च्या सुमारास लगश नगरीचा राजा एन्मेटेना याने ऋणमुक्ती जाहीर केली. तिच्यासाठी वापरलेला सुमेरी शब्द 'अमार्गी'. त्याचा शब्दशः अर्थ आईकडे परतणे. स्वातंत्र्यासाठी मानवाने लिहून ठेवलेला हा सर्वांत जुना ज्ञात शब्द होय. हम्मुराबीच्या संहितेत तर असे कलम आहे की पुराने वा अवर्षणाने पीक गेले, तर त्या वर्षी ऋणकोने धान्य देऊ नये आणि आपली पाटी पाण्याने भिजवावी. हे वाचताना पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १८७५ च्या मे महिन्यात पेटलेल्या खतपत्रांच्या होळ्या आठवतात. तेथे रयतेचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कागदांवर होता. राजाने पाटी भिजविली नाही, तर रयत ती जाळते.

पुढे बाबिलोनच्या अम्मिसदुक राजाने इ. स. पूर्व १६४६ च्या सुमारास काढलेल्या फर्मानात जव व चांदीची व्याजी कर्जे रद्द झाली. व्यापारातील भागीदारीची देणी मात्र कायम राहिली. पोटासाठी काढलेले कर्ज आणि नफ्यासाठी घातलेले भांडवल यांतील भेद त्या काळच्या कारकुनांना ठाऊक होता. कर्जापायी गुलाम झालेले सुटले. धन्याच्या घरी जन्मलेला गुलाम मात्र सुटला नाही. राजांना सैनिक आणि करदाते हवे होते, म्हणून ही दया, असे कोणी म्हणेल. असेलही. घरी परतलेल्या मुलीला त्याचे काय!

इस्राएलने यात एक मोठा पालट केला. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायातील योबेल वर्ष राजाच्या लहरीवर नाही. ते दर पन्नासाव्या वर्षी यावयाचे. दया पंचांगात बसविली गेली. (त्याच अध्यायात परदेशीय गुलाम कायमचे ठेवण्याची मुभा आहे, हे आपण बहुधा वाचत नाही.) पण पंचांगातली दया सावकारालाही आधी दिसते. सातव्या वर्षीची ऋणमाफी जवळ आली म्हणून गरिबापुढे हात आखडू नका, अशी ताकीद अनुवादाच्या पुस्तकाला द्यावी लागली, याचा अर्थ हात आखडले जात होते. ख्रिस्तजन्मापूर्वीच्या शतकात हिल्लेल या धर्मगुरूने अखेर वाट काढली: कर्ज न्यायसभेकडे सोपविले की ते माफीतून वगळले जाई. गरिबाला पुन्हा उसने मिळू लागले, आणि माफी कागदावर राहिली. हिल्लेलला दोष देण्याचे धाडस मला होत नाही.

प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण 'अपराध' म्हणतो. मत्तयच्या ग्रीक मजकुरातील शब्दाचा अर्थ 'ऋणे' असा आहे. तो शब्द ठेवून ती प्रार्थना म्हणून पाहण्याचा मी एकदा प्रयत्न केला. माझ्या खणातील वहीत, एका नातलगाच्या नावापुढे, अकरा वर्षांपूर्वीची एक रक्कम आजही लिहिलेली आहे. त्या ओळीशी आलो आणि आवाज खाली गेला.