फायलींच्या खणात पाने-पक्कड

अमरावती-अकोल्याकडे कचेऱ्यांतले निर्लेखित सामान लिलावात निघते, त्यात कधी चार खणांचे लोखंडी फाइल कॅबिनेटही असते. वेल्डिंगच्या किंवा मोटार वाइंडिंगच्या दुकानाला याहून भक्कम अवजारपेटी मिळणे अवघड. घेताना रंगाकडे नव्हे, खणाच्या पट्टीकडे पाहावे. खण पूर्ण ओढून वर-खाली हलवला, की झिजलेले छर्रे खडखडतात. तळाचा गंज पॉलिश पेपरने घासावा, रेड ऑक्साइडचा हात द्यावा, मगच ऑइल पेंट. वऱ्हाडातले ऊन पत्रा सोसतो; गंज चढतो तो पावसाळ्यात.

खरी अडचण खणाच्या खोलीची. फायली उभ्या राहतात, पाने मात्र ढिगात बुडतात. अर्ध्या उंचीवर प्लायचा सरकता ट्रे बसवला, की वर पेचकस आणि कानशी, खाली ड्रिल मशीन मावते. घण, हातोडे सगळ्यात खालच्या खणात. वरचा जड खण ओढताना अख्खे कॅबिनेट अंगावर येऊ शकते, म्हणून त्याची पाठ फास्टनरने भिंतीला आवळावी आणि एका वेळी एकच खण उघडावा. हे टाळू नयेच. समोरच्या छोट्या चौकटीत, जिथे पूर्वी शाखेचे नाव असे, तिथे ‘पाने, 8 ते 22’ अशी चिठ्ठी नेमकी बसते.