सायलेन्सरमधलं बोट

धार जिल्ह्यातल्या राजगढला एक निवृत्त मास्तर राहत. पवारांच्या संस्थानकाळात घराणं माळव्यात आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, ओट्यावर माळवी. गाव त्यांना नाना म्हणे. नातवाला शाळेत सोडायचं, सरदारपूरची कामं करायची, अधूनमधून पत्नीला धारच्या डॉक्टरांकडे न्यायचं, एवढ्यासाठी त्यांना एक जुनी पण चांगली गाडी हवी होती. पीथमपूरच्या वाहन कारखान्यात काम करणारा पुतण्या सुट्टीच्या दिवशी सोबतीला आला.

इंदूर-अहमदाबाद हमरस्त्याला लागून व्यापाऱ्याचं आवार होतं. त्यानं आधी शेजारी-शेजारी उभ्या दोन डिझेल गाड्या दाखवल्या. मॉडेल तेच, रंग तोच, दोन्ही २०१४ च्या. एकीवर मध्य प्रदेशचा नंबर, दुसरीवर दिल्लीचा.

"दोन्ही सारख्याच, मास्टरसाहेब. दिल्लीवाली स्वस्तात देतो."

पुतण्यानं दोन्ही आरसी मागून घेतल्या. एकीवर बीएस-३ होतं, दुसरीवर बीएस-४.

"वर्ष एकच, मग हे वेगळं कसं?" नानांनी विचारलं.

"नाना, २०१० साली बीएस-४ आलं ते फक्त दिल्लीसारख्या मोठ्या शहरांत. आपल्याकडे सगळीकडे ते लागू झालं १ एप्रिल २०१७ ला. म्हणून वर्षावर जायचं नाही, आरसी वाचायची. हा आकडा म्हणजे गाडीच्या धुराच्या परीक्षेची इयत्ता समजा. आकडा मोठा, तेवढा पेपर कडक. डिझेल गाडीला एका किलोमीटरला काजळीचे कण किती सोडायला परवानगी? बीएस-३ ला ५० मिलिग्रॅम, बीएस-४ ला २५, आणि २०२० पासूनच्या बीएस-६ ला फक्त साडेचार."

"आणि दिल्लीवाली स्वस्त का?"

"दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला हरित लवादानं २०१५ साली मनाई केली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. मुदत भरत आली की मालक त्या बाहेरगावी विकून टाकतात."

नाना म्हणाले, "म्हणजे जो धूर दिल्लीच्या पोरांना नको, तो राजगढच्या पोरांना चालेल, असाच हिशेब झाला की. या दोन्ही नकोत."

व्यापाऱ्यानं मग तिसरी गाडी पुढे आणली. २०२१ ची, डिझेल, बीएस-६. काचेवर नारिंगी स्टिकर, त्याच्या वरच्या कडेला हिरवी पट्टी. पीयूसी ताजं, आरसी चोख. नानांना गाडी आवडली. ते बयाणा द्यायला पाकीट काढणार, तेवढ्यात पुतण्या म्हणाला, "थांबा. इंजिन गार आहे ना? सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून बघा."

नानांनी वाकून बोट आत फिरवलं. बाहेर काढलं तेव्हा पहिल्या पेरापर्यंत काळंकुट्ट झालं होतं.

"बीएस-६ डिझेलला काजळी अडवणारा फिल्टर असतो," पुतण्या म्हणाला. "तो जागेवर असेल तर नळी आतून जवळजवळ कोरडी, स्वच्छ राहते. बहुतेक या गाडीचा फिल्टर काढलेला आहे."

व्यापारी आधी गप्प राहिला, मग त्यानं कबूल केलं. "आधीचे मालक गावातल्या गावात फिरायचे. फिल्टर तुंबायचा, सारखा दिवा लागायचा. नवा महाग, म्हणून काढून टाकला. पण पीयूसी पास झालंय, मास्टरसाहेब. कागदावर बीएस-६ च आहे."

पुतण्यानं कारण सांगितलं. साठलेली काजळी जाळून फिल्टर मोकळा व्हायला धूर चांगला तापावा लागतो, आणि त्यासाठी गाडी मोठ्या रस्त्यावर वेगात बराच वेळ पळावी लागते. शाळा-बाजाराच्या फेऱ्यांत ते जमत नाही. आणि फिल्टर गेला की गाडीचं बीएस-६ पण त्याच्यासोबतच गेलं. पीयूसीच्या साध्या धूरतपासणीत ते पकडलं जाईलच असं नाही.

नाना काळं बोट बघत म्हणाले, "शाळा सुटली की पोरं गाडीच्या मागूनच रस्ता ओलांडतात. त्यांची नाकं बरोबर या नळीच्या उंचीला असतात. ती काय कागद हुंगतात?"

त्या आवारात काहीच घेतलं नाही. दोन आठवड्यांनी धारला एक छोटी पेट्रोल गाडी मिळाली. बीएस-६, जरा जास्त पळालेली. धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर जागेवर असल्याची पुतण्यानं गाडीखाली शिरून खात्री केली. इंधनाचा खर्च डिझेलपेक्षा थोडा वाढणार होता. नानांनी तो हिशेब मांडला आणि मान्य केला. ज्या फेऱ्या आपल्या आहेत, त्यांनाच साजेशी गाडी घ्यायची, हे त्यांना पटलं होतं.

पुढे गावात कुणी गाडी घ्यायला निघालं की नानांना विचारायला येई. नाना म्हणत, "अॅव्हरेज विचाराच, किंमतही पाडून मागा. पण आरसीवरचा बीएस वाचा, आणि तो ज्या भागांच्या जोरावर मिळालाय ते भाग गाडीत आहेत का, तेही बघा. आपली फेरी किती लांबीची, ते आधी स्वतःला विचारा."

तात्पर्य : गाडीचे पैसे एकटा मालक मोजतो, धूर मात्र सगळा गाव घेतो. म्हणून पारख करायची ती स्वतःपुरती नाही, आपल्या मागून येणाऱ्यांसाठीही.